एका कॅपुचिनोवर चार तास: लॅपटॉपवाल्यांचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत १८ खुर्च्यांचा कॅफे आहे, सुरू करून वर्ष होत आलं, लॅपटॉपवाले एक कॅपुचिनो घेऊन चार-चार तास बसतात, रविवारी संध्याकाळी फॅमिली दारातून परत जातात, आणि त्यातला एक मुलगा तर सोमवार ते शुक्रवार रोज ११ ते ५ असतोच. मग वायफाय बंद करू का, प्लग काढून टाकू का, ‘लॅपटॉप वापरू नये’ असा बोर्ड लावू का, की सरळ तासाचे पैसे घेऊ?

मी कोथरूडला २०१४ पासून असाच गल्लीतला कॅफे चालवते, खुर्च्या तुमच्यापेक्षा थोड्या जास्त, बाकी सगळं तेच. त्यामुळे आधीच सांगून टाकते, या चारपैकी एकही गोष्ट लगेच करू नका. तुम्ही मंगळवारी सकाळी ११ ला बसलेला माणूस आणि रविवारी संध्याकाळी ७ ला बसलेला माणूस एकाच रागाने बघताय, आणि धंद्याच्या हिशेबात ती दोन पूर्णपणे वेगळी माणसं आहेत. कोणत्या वेळेला आणि कोणत्या टेबलावर, एवढं दोनच बघायचं, किती तास बसला ते नंतर.

आता हिशेब करू, कारण तो केल्याशिवाय राग जात नाही. तुमचे आकडे मला माहीत नाहीत म्हणून मी अंदाजाने धरते, तुम्ही तुमचे टाका. समजा भाडं ५५ हजार. त्याच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९,९००, आणि हा जीएसटी आपल्याला परत मिळत नाही, कारण नोव्हेंबर २०१७ पासून आपण ग्राहकाकडून ५ टक्के घेतो त्याच्यात इनपुट क्रेडिट नाही. मालक जीएसटीत नसेल तरी सुटका नाही, १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा दुकानाच्या भाड्यावरचा जीएसटी रजिस्टर्ड भाडेकरूने स्वतः भरायचा आहे, बरेच नवीन कॅफेवाले हे विसरतात आणि सीए वर्षाच्या शेवटी सांगतो. म्हणजे भाडं झालं ६५ हजार. चार पोरांचा पगार, खोली धरून, ८० हजार. लाईट बिल २५ हजार. मशीनचा हप्ता, इंटरनेट, पाणी, दुरुस्ती, बिलिंग सॉफ्टवेअर असं सगळं ३० हजार. झाले दोन लाख, आणि हे दोन लाख एकही कप विकला नाही तरी जाणारच आहेत.

तुमच्या १८ खुर्च्या, सकाळी ९ ते रात्री १० म्हणजे १३ तास, महिन्याचे ३० दिवस. गुणाकार केला की ७,०२० येतात, याला मी खुर्ची-तास म्हणते. दोन लाख भागिले ७,०२०, म्हणजे एक खुर्ची एक तास मांडून ठेवायचा खर्च साधारण साडेअठ्ठावीस रुपये. पण सगळ्या खुर्च्या सगळा वेळ भरलेल्या कुणाच्याच नसतात, गल्लीतल्या कॅफेत सरासरी एक तृतीयांश भरल्या तरी बरं चाललंय म्हणायचं, तर भरलेल्या खुर्चीवर हा खर्च पडतो ८५ रुपये तासाला.

आता कॅपुचिनो. १६० रुपये धरा, जीएसटी वेगळा. १८ ग्रॅम बीन्स, किलोला हजार धरले तर १८ रुपये, दूध १७० मिलीच्या आसपास म्हणजे १२ रुपये, साखर, टिश्यू, वाया जाणारं दूध मिळून पाच. ३५ गेले, १२५ उरले. १२५ ला ८५ ने भागा, दीड तास. म्हणजे एका कपावर दीड तास बसणं हा अगदी सरळ व्यवहार आहे, त्याला कोणी चिकट म्हणू नये, आणि मी माझ्या पोरांनाही हेच सांगून ठेवलंय की दीड तास होईपर्यंत कोणाच्याही टेबलाकडे बघायचंसुद्धा नाही.

पण हा सरासरीचा आकडा झाला आणि खरी गंमत सरासरीच्या आत आहे. मंगळवारी ११ वाजता तुमच्या १८ पैकी १३ खुर्च्या रिकाम्या असतात. त्या वेळी बसलेला मुलगा उठून गेला तर त्या खुर्चीवर दुसरं कोण येणार आहे? कोणीच नाही. त्याच्या बसण्याचा तुम्हाला खर्च शून्य, उलट १२५ आले ते आलेच. शिवाय रस्त्यावरून बघणाऱ्याला आत चार माणसं दिसतात, आणि रिकाम्या कॅफेत पहिलं पाऊल कोणी टाकत नाही हे तुम्ही पहिल्या महिन्यात बघितलं असेलच. माझ्याकडे सकाळ-दुपारची ही मंडळी नसती तर दुपारी दोनला कुलूप लावून परत पाचला उघडायचा विचार करावा लागला असता.

रविवारी संध्याकाळचं गणित एकदम उलटं. चारच्या टेबलावर फॅमिली आली, दोन कोल्ड कॉफी, एक सँडविच, एक पास्ता, पोराला ब्राउनी, बिल हजाराच्या आसपास, तासाभरात उठतात. कच्चा माल ३५ टक्के धरला तरी त्या टेबलाने तासाला साडेसहाशे दिले. तिथे एक जण लॅपटॉप उघडून सहा ते नऊ बसला तर तीन तासांत दोन हजारांच्या जवळपास गेले, आणि दारातून परत गेलेली फॅमिली पुढच्या रविवारी आधीच दुसरीकडे जाते ते वेगळंच. म्हणजे तोच माणूस, तोच कप, एकदा फायदा आणि एकदा मोठा तोटा. म्हणून ‘लॅपटॉप वापरू नये’ हा बोर्ड चुकीचा, तो आठवड्यातले आठ-दहा तास वाचवायला बाकीचे ऐंशी-पंच्याऐंशी तास घालवतो.

तर पहिलं काम, तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तासावार विक्रीचा रिपोर्ट असतो तो काढा, मागच्या चार आठवड्यांचा, वार आणि तास असा. त्याच्या जोडीला पंधरा दिवस काउंटरच्या वहीत दर तासाला किती खुर्च्या भरलेल्या आणि दारातून किती जण परत गेले एवढंच लिहायचं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण परत गेलेला माणूस बिलात दिसत नाही. माझा अंदाज असा की तुमच्याकडे खरी अडचण शनिवार-रविवार संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ, फार तर रविवारी सकाळी नऊ ते बारा नाश्त्याची वेळ, एवढीच निघेल. गल्लीतल्या बहुतेक कॅफेंचं असंच असतं, कॉलेजसमोरचा असेल तर वेगळं.

प्लगबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय, लाईट बिल वाढलं म्हणून. प्लगने ते वाढलेलं नाही. लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण सतत तेवढं ओढत नाही, सरासरी ३०-४० धरा. चार तासांत झालं ०.१५ युनिटच्या आसपास, कमर्शियल दर सगळे आकार धरून १५ रुपये युनिट पकडला तरी सव्वादोन रुपये. दोन-अडीच रुपयांसाठी प्लगवर टेप लावायची आणि १६० रुपयांचं गिऱ्हाईक घालवायचं, हे करू नका. तुमचं बिल एसी खातोय. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड युनिटपर्यंत घेतो, म्हणजे वीस-बावीस रुपये तासाला, दोन एसी असतील तर दुप्पट, आणि दार सारखं उघडं राहत असेल तर तो कॉम्प्रेसर बंद होतच नाही. दाराला क्लोजर बसवा, फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, दुपारच्या कमी गर्दीत एकच चालवून बाकी पंखे. तेवढ्यात सगळ्या लॅपटॉपवाल्यांची वीज वसूल होते.

हे लोक कोण आहेत याच्याकडेही जरा लक्ष द्या, आणि हे मी मनापासून सांगते. पीजीत तिघींच्या खोलीत राहणारी मुलगी, जिच्याकडे टेबलच नाही, कॉटवर बसून मान मोडते. वन बीएचकेत सासू-सासरे, लहान मूल आणि घरून काम असलेली बाई, तिला दिवसातून दोन तास डोकं शांत ठेवून काम करायचंय. सीएची परीक्षा देणारी पोरं. नोकरी गेलेला आणि ते घरी नीट न सांगता रोज बॅग घेऊन निघणारा माणूस, असे माझ्याकडे येऊन गेलेत, एकाला नंतर नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आला होता. मुलींना तर तास-दोन तास कोणी टक लावून न बघता एकटीने बसता येईल अशा जागा गल्लीत किती असतात सांगा. आणि हे काही आपल्याकडे नवीन नाही, पुण्यात डेक्कनचं गुडलक हॉटेल १९३५ पासूनचं, तिथे आणि कॅम्पातल्या इराण्यांकडे एका चहा आणि बन मस्क्यावर पेपर वाचत, गप्पा मारत बसणारे पिढ्यानपिढ्या होतेच. फक्त पेपर हातात होता, आता लॅपटॉप टेबलावर असतो आणि जागा जास्त अडते.

त्यामुळे खरा उपाय टेबलांत आहे. १८ खुर्च्या तुम्ही कशा मांडल्यात ते लिहिलं नाहीये, पण नवीन कॅफेत बहुतेक वेळा चारची चार टेबलं आणि एखादं दोनचं असं असतं, आणि एकटा माणूस आला की त्याला चारच्याच टेबलावर बसावं लागतं, त्याचा काय दोष? भिंतीला किंवा खिडकीला लागून एक लांब फळी टाका, १६ ते १८ इंच रुंद, उंची साध्या टेबलाएवढी म्हणजे ३० इंचाच्या आसपास, बारसारखी उंच नको, उंच स्टुलावर कोणी दोन तास बसू शकत नाही. एका माणसाला दोन फूट लांबी धरा. १२ फुटात सहा जण बसतात, आणि तेवढ्याच जागेत आधी तुमची दोन चारची टेबलं असायची ज्यांच्यावर दोन एकटी माणसं बसलेली असायची. प्लग सगळे या फळीच्या खाली, दर दोन जणांत एक सॉकेट, वर एक दिवा, पिवळसर नको, जरा पांढरा. चारच्या टेबलांजवळचे प्लग झाकून टाका किंवा एमसीबीवरून वेगळे करून बंद ठेवा. आता तुम्हाला काही सांगावं लागत नाही, लॅपटॉपवाला आत आला की आपोआप फळीकडे जातो कारण त्याला तिथेच सोयीचं आहे. सुताराला प्लाय, लॅमिनेट, वायरिंग धरून जो काही खर्च येईल तो दोन-तीन महिन्यांच्या रविवारांत निघतो.

उरलेली चारची टेबलं चार पायांची एकसंध न ठेवता दोन-दोनची जोडून ठेवा. एकटा दुकटा आला की एक वेगळं करून द्यायचं. माझ्याकडे आता चारचं असं एकच कायमचं टेबल आहे, तेही आत कोपऱ्यात.

एक गोष्ट मात्र सरळ बंद ठेवा, लॅपटॉपच्या पुढची यंत्रं. दुसरा मॉनिटर, एक्स्टेंशन बोर्ड, छोटा प्रिंटर. हसू नका, दक्षिण कोरियात हे इतकं वाढलं की तिथल्या स्टारबक्सने २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेस्कटॉप, प्रिंटर, टेबलावरचे पार्टिशन आणू नका असं दुकानात लावलं. आपल्याकडे अजून तेवढं नाही पण एक्स्टेंशन बोर्ड घेऊन येणारे मी बघितलेत, वायरीत पोरगं अडकून गरम कॉफीसकट पडलं तर जबाबदारी आपली.

वायफाय. बंद करून काही होणार नाही, कारण आपल्याकडे प्रत्येकाच्या फोनमध्ये रोजचा दीड-दोन जीबी डेटा पडलेलाच असतो, हॉटस्पॉट लावून तो बसेलच आणि वर तुमच्याबद्दल मन कडू होईल. पण भिंतीवर पासवर्ड लिहून ठेवणंही बंद करा, आणि याचं कारण धंद्याचं नाही, कायद्याचं आहे. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधी जो ई-मेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता, ज्याचं कनेक्शन त्याला पत्ताही नव्हता. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सार्वजनिक वायफायसाठी नियम केले, वापरणाऱ्याची ओळख ठेवली पाहिजे, म्हणूनच एअरपोर्टवर नंबर टाकून ओटीपी येतो. तुमच्या इंटरनेटवाल्याला सांगितलं तर तो ओटीपीचं किंवा कूपनचं लॉगिन लावून देतो, राउटर थोडा बरा लागतो एवढंच.

मी कूपनचं पण ठेवलंय, बिलावर खाली कोड छापून येतो, तो दीड तास चालतो, नवीन बिलावर नवीन कोड. दीड तास का ते वर आलंच. याचा उपयोग माणसाला हाकलायला नाही हं, सकाळी कोणी काउंटरवर येऊन ‘कोड संपला’ म्हणालं आणि गर्दी नसेल तर आम्ही असाच दुसरा देतो, काही मागत नाही. पण तो उठून काउंटरपर्यंत येतो, समोर बरणीत नानकटाई दिसते, दहापैकी निम्मे तरी काहीतरी घेतातच. आणि शनिवार-रविवार संध्याकाळी कोड नव्या बिलाशिवाय मिळत नाही, तिथे मशीनच सांगतं, पोराला तोंड वाजवावं लागत नाही. प्रत्येक फोनला स्पीडची मर्यादा लावून घ्या, नाहीतर एक जण पिक्चर डाउनलोडला लावतो आणि तुमचंच बिलिंग आणि यूपीआय अडकतं. बिलिंगचं नेट वेगळंच ठेवा खरं तर. आणि ओटीपीसाठी आलेले नंबर जपून ठेवा, त्यांच्यावर ऑफरचे मेसेज पाठवायचे नाहीत, लोकांनी ते त्यासाठी दिलेले नसतात.

आता नियम आणि बोलणं. नियम एकच ठेवा आणि तो माणूस बसायच्या आधी कळला पाहिजे. माझ्या दारावर आणि मेनूच्या पहिल्या पानावर लिहिलंय: ‘शनिवार-रविवार संध्याकाळी ५.३० नंतर लॅपटॉपसाठी भिंतीकडची जागा. बाकी टेबलं गप्पा मारणाऱ्यांसाठी. बाकी सगळे दिवस कुठेही बसा.’ त्यात ‘सक्त मनाई’, ‘कृपया उठावे’, ‘अन्यथा’ असले शब्द नाहीत. पुण्यातल्या पाट्यांचं कौतुक दुसऱ्या गावचे करतात, पण ज्याच्यासाठी पाटी लावलेली असते तो परत येत नाही, हे मी शेजारच्या दुकानांत बघितलंय.

आणि कोणी साडेचारला येऊन चारच्या टेबलावर बसलं असेल तर तेव्हाच सांगायचं, सहा वाजता नाही. ‘मॅडम, साडेपाचनंतर हे टेबल फॅमिलीला लागेल, आत्ता निवांत बसा, मी तेव्हा तुम्हाला त्या फळीवर जागा करून देते.’ आधी सांगितलेलं कोणालाही लागत नाही. काम ऐन रंगात असताना खांद्यावरून येऊन ‘अजून काही घेणार का’ असं तिसऱ्यांदा विचारणं मात्र लागतं, आणि त्याच्या मागचा अर्थ त्या माणसाला बरोबर कळतो. हे बोलणं मालकाने करायचं, म्हणजे तुम्ही किंवा तुमच्या घरचं कोणी. सर्व्हिसला असलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, बहुतेक दुसऱ्या राज्यातून आलेला, मराठी धड येत नाही, त्याला एका इंजिनियरला उठवायला पाठवायचं आणि त्याने अपमान करून घ्यायचा, हे मला अजिबात पटत नाही. त्याचं काम कॉफी नीट देणं. रविवार संध्याकाळी तुम्ही स्वतः दुकानात असलंच पाहिजे, निदान पहिली तीन वर्षं.

लोकांना त्रास देऊन उठवायचे जे प्रकार चालतात, गाणी मोठी करायची, एसी बंद, टेबल तीनदा पुसायचं, कडक खुर्च्या आणायच्या, ते करू नका. त्याने लॅपटॉपवाला उठतो का माहीत नाही, पण शेजारच्या टेबलावरचे आजी-आजोबा नक्की उठतात.

यापेक्षा कितीतरी मोठा त्रास म्हणजे कॉल, आणि तुम्ही त्याच्याबद्दल एक ओळही लिहिली नाही म्हणून आश्चर्य वाटलं. गप्प बसून टाइप करणारा चार तास कोणाला जाणवत नाही. हेडफोन घालून मोठ्याने मीटिंग करणारा वीस मिनिटांत अख्खं दुकान रिकामं करतो, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि लोक भांडत नाहीत, बिल मागतात आणि जातात. इथे मी कडक आहे. दोन मिनिटांचा फोन ठीक, मीटिंग असेल तर बाहेरच्या ओट्यावर. तिथे एक बाक आणि वर पत्र्याची सावली केलीय, त्याची कॉफी आम्ही बाहेर नेऊन देतो, आतली जागा त्याची राखून ठेवतो. एक सांगते, बाक तुमच्या स्वतःच्या हद्दीत ठेवा, फुटपाथवर नको, महानगरपालिकेचे अतिक्रमणवाले एक दिवस उचलून नेतात आणि मग दंड भरून सोडवावं लागतं. नोकरीचे इंटरव्ह्यू घेणारे पण असतात, एचआरवाले, दिवसभरात पाच मुलं बोलावतात आणि स्वतःसाठी एक ब्लॅक कॉफी. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की येणाऱ्या प्रत्येकाची ऑर्डर घ्यावी लागेल, आणि कंपनीचे पैसे असतात त्यामुळे ते हो म्हणतात.

दुसरी ऑर्डर का येत नाही याचा विचार मेनूकडे बघून करा. दोन तासांनी माणसाला अजून एक १६० ची दुधाची कॉफी नको असते, पोट जड होतं, खिशालाही लागते. त्याला काहीतरी छोटं हवं असतं. माझ्याकडे दुपारी १२ ते ५ ‘दुसरा कप’ म्हणून आहे, पहिल्या बिलावर दुसरी फिल्टर कॉफी किंवा आल्याचा चहा ५० रुपयांत. फिल्टर कॉफीचा माल १५ रुपयांच्या आत बसतो, ३५ उरतात, रिकाम्या वेळेत ते निव्वळ आहेत. शिवाय लिंबू सरबत, कोकम, मस्का बन, खारी, एक उकडलेल्या अंड्याचं सँडविच, अशा ४० ते ८० मधल्या गोष्टी. आणि ऑर्डर टेबलावरून करता आली पाहिजे, कारण एकटा माणूस लॅपटॉप टाकून काउंटरला यायला घाबरतो. टेबलावर क्यूआर कोड लावा, यूपीआयने पैसे, पोरगा आणून देईल. हे केल्यावर माझ्याकडच्या दुसऱ्या ऑर्डरी उघड उघड वाढल्या. पाणी मात्र न मागता भरत राहा. पाण्याचा जग उचलून घेणं हा सगळ्यात हलका प्रकार.

घरचा डबा उघडणारे येतात. आजारी, पथ्याचा, लहान मुलाचा असेल तर विचारायचं पण नाही. बाकीच्यांना शांतपणे सांगायचं की आत बाहेरचं खाणं चालत नाही, बाहेर बाकावर बसा.

आता तासाचे पैसे. कल्पना नवीन नाही, कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान १९९६ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर निघालं ते सायबर कॅफे म्हणूनच, कॉफी आणि एक तास इंटरनेट मिळून १०० रुपये. मॉस्कोत २०११ मध्ये झिफरब्लाट नावाची जागा निघाली, तिथे कॉफी-बिस्किटं फुकट आणि पैसे मिनिटांचे. आपल्याकडे सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिका हेच करतात, एमपीएससीची मुलं महिन्याचे पैसे भरून खुर्ची घेतात आणि कोणालाच वाईट वाटत नाही, कारण तिथे विकायला दुसरं काही नाहीच. गल्लीतल्या कॅफेत मीटर लावला की प्रत्येक जण घड्याळाकडे बघतो, मैत्रिणीशी गप्पा मारायला आलेल्या काकूसुद्धा. आणि बिलात ‘टेबल चार्ज’, ‘सीटिंग चार्ज’ असलं काही आपोआप जोडायच्या भानगडीत पडू नका, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज सक्तीने, दुसऱ्या कोणत्या नावानेसुद्धा, लावता येणार नाही, आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. जागेचं भाडं म्हणून वेगळं घेतलं तर ती रेस्टॉरंटची सेवा राहत नाही, १८ टक्क्यांचा प्रश्न येतो, ते सीएला विचारल्याशिवाय नाही.

त्यापेक्षा पास चांगला, ज्यातले सगळे पैसे खाण्यापिण्यात वापरता येतात. आणि इथेच तुमच्या त्या रोज ११ ते ५ वाल्या मुलाचं उत्तर आहे. तुम्ही त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त वैतागून लिहिलंय, पण तो सोमवार ते शुक्रवार येतो असं तुम्हीच म्हणताय, म्हणजे तुमच्या सगळ्यात रिकाम्या वेळेत. महिन्याला २२ दिवस, रोज १६० ची एक कॉफी धरली तर साडेतीन हजारांचं कायमचं गिऱ्हाईक आहे तो. त्याच्याशी एकदा बसून बोला, नाव विचारा, काय करतो विचारा. मग सांगा की ४,५०० रुपयांचा महिन्याचा पास काढतोय, आगाऊ, त्यात ५,००० चं खाता-पिता येईल, सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते ५ फळीवरची जागा आणि दिवसभराचं वायफाय, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी हा पास चालणार नाही. तुमच्या हातात महिन्याच्या एक तारखेला रोख येते, त्याचं चोरट्यासारखं बसणं थांबतं, दुपारी सँडविच पण तुमच्याकडचंच होतं. नको म्हणाला तर नको, दुसऱ्या कपाचं सांगा आणि बसू द्या. असे पास सहाच्या वर विकू नका, फळीवर तेवढीच जागा आहे आणि नवीन माणसाला कुठेतरी बसता आलं पाहिजे. सुताराला बोलवायच्या आधी फळीची लांबी आणि दाराची रुंदी टेपने मोजून कागदावर काढून घ्या, आणि मागे खुर्ची सरकवायला निदान तीन फूट मोकळे राहतायत ना ते बघा.